चार बोटं उंच

मागचं दार उघडलं आणि स्टूल नव्हतं.

तिनं आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, मग वाकून सीटखाली हात घातला, जसं काही प्लास्टिकचं पांढरं स्टूल म्हणजे घरंगळून गेलेलं नाणंच. स्टुलाच्या जागी एक जाड नारिंगी पट्टा गुंडाळून ठेवलेला होता, चिखलात रुतलेल्या गाड्या ओढून काढायचा, आणि त्याच्याशेजारी घडीचं फावडं, कोरं करकरीत, लेबलही न काढलेलं. हॉस्पिटलच्या तळघरातल्या या पोर्चमध्ये आजवर कुणाची गाडी चिखलात रुतली असेल असं तिला वाटत नव्हतं. खांबापाशी सासूबाई उभ्या होत्या. डायलिसिसच्या मशीनवरून नुकत्याच उठल्या होत्या, आणि मशीनवरून उठल्यावर बराच वेळ त्यांचा चेहरा पुसलेल्या पाटीसारखा असायचा. पाय कापत होते. तरी त्या खांबाला नुसत्या टेकल्या होत्या, खांब धरलेला नव्हता. उभं आयुष्य लोकांच्या पोरांना पोहायला शिकवण्यात गेलेलं. काठ धरून उभं राहणाऱ्यांना त्यांनी नेहमीच हिणवलं होतं. "स्टूल नाही वाटतं," त्या म्हणाल्या. "आहे, आई. एक मिनिट," ती म्हणाली, आणि जे नव्हतं ते पुन्हा शोधू लागली. पाठीमागे दोन गाड्या येऊन थांबल्या होत्या.

रखवालदार शिट्टी फुंकत आला. गाडीची उंची आणि सासूबाईंची उंची त्यानं एकदा नजरेनं मापली आणि म्हणाला, "काळजी नको ताई, आजींना आपण उचलून ठेवू." ठेवू, म्हणाला. सामान ठेवतात तसं. ती थांबा म्हणेपर्यंत त्यानं आतून एका धडधाकट माणसाला हाक मारली होती, आणि ती "डावा हात नाही, डाव्या हाताला धरू नका" असं ओरडेपर्यंत त्या माणसानं नेमका डावाच हात पकडला होता, ज्या हातात मशीनच्या सुयांसाठी शीर तयार केलेली होती, ज्या हातानं सासूबाईंनी वर्षभरात पाण्याची बादली उचलली नव्हती, ज्याला रक्तदाबाचा पट्टासुद्धा बांधायचा नाही असं त्यांच्या पलंगाच्या डोक्याशी लाल अक्षरांत लिहिलेलं असायचं. एकानं काखेतून धरलं, एकानं गुडघ्यांखालून. कपडे वर सरकले. एक चप्पल गळून पडली. मागच्या गाडीतल्या माणसानं हॉर्न वाजवणं थांबवून बघायला सुरुवात केली. बाकावरची माणसंही चहाचे कागदी कप हातात धरून बघत होती, आणि कुणाच्याच चेहऱ्यावर वाईट असं काही नव्हतं, उलट काळजीच होती. त्या काळजीनं तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रखवालदारानं चप्पल उचलली, झटकली आणि सासूबाईंच्या मांडीवर ठेवली. सासूबाईंनी कपडे सारखे केले. चप्पल पायात घातली नाही. समोरच्या काचेतून सरळ बघत त्या म्हणाल्या, "चल. आणि ऐक, मी आता इथं येणार नाही." "बघू आई, शनिवारी काहीतरी…" "शनिवारी नाही आणि मंगळवारी नाही. येणार नाही म्हणजे येणार नाही."

येणार नाही म्हणजे काय, हे दोघींनाही चांगलं ठाऊक होतं. पहिल्याच आठवड्यात नर्सनं नीट समजावून सांगितलं होतं: मशीन चुकवलं की पाणी शरीरातच साठतं, आधी पायांवर, मग चेहऱ्यावर, मग छातीत. "म्हणजे माणूस आतून बुडतो," सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, "आणि मी शिट्टी घेऊन काठावर." नर्स हसली होती. आता हसण्यासारखं काही नव्हतं. सासूबाई बोललेला शब्द मागे घेत नसत, हे सगळ्या घरानं अनुभवलेलं होतं. एका लग्नात मानापमान झाला म्हणून सख्ख्या भावाशी मरेपर्यंत बोलल्या नव्हत्या.

तिनं गाडी सुरू केली. वर जायचा चढ नुकताच धुतलेला होता, साबणाचा फेस अजून खाली वाहत होता, आणि दगड पकडण्यासाठी केलेल्या त्या भल्यामोठ्या दातेरी टायरांना गुळगुळीत ओलं काँक्रीट काही पकडता येईना. मागची चाकं जागच्या जागी फिरली. गाडी हातभर खाली घसरली. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. तिनं छोटा लिव्हर ओढून पुढच्या चाकांनाही जोर दिला, चारही चाकं जोडली, आणि गाडी फेसातून वर चढली. मग फेस संपून कोरडा भाग लागला आणि कुणीतरी मागून धरून ओढावं तसा गाडीला झटका बसला. पुन्हा बसला. टायर किंचाळले. स्टिअरिंग सरळ होतं. चारही चाकं जोडलेली गाडी कोरड्या वळणावर कुरकुरते, त्यात नवल नाही, पण सरळ जाताना तिनं कुरकुरायचं काही कारण नाही. ते तिला आधी कमरेत कळलं आणि मग डोक्यात. पुढची चाकं एक चाल धरून होती, मागची दुसरी, आणि दोघांना जोडणारा शाफ्ट मधल्यामध्ये पिळवटत होता. लिव्हर परत निघेना. तिनं गाडी थोडी मागे घेतली, पीळ सुटला, लिव्हर टक्कन बाहेर आला. मागच्या गाडीवाल्यानं काच खाली करून, झेपत नाही तर एवढ्या गाड्या घेता कशाला, असं विचारलं. बरोबरच विचारलं.

"मागचेच गिअर बदललेत फक्त," ती मोठ्यानं म्हणाली. "कुणी?" सासूबाईंनी डोळे न उघडता विचारलं. "तुमच्या मुलानं."

टायर घरात आले तेव्हापासून हे चाललं होतं. घरात म्हणजे खरोखर घरात. पहिले दोन दिवस चारही टायर बाहेरच्या खोलीत होते आणि सगळ्या खोलीला रबराचा वास मारत होता. नवरा विमा कंपनीत होता. आठवडाभर काचेमागे बसून लोकांना अपघातांची भीती घालायची आणि रविवारी ग्रुपबरोबर डोंगरात जाऊन आपण होऊन अपघाताच्या तोंडी जायचं, असा त्याचा आयुष्यक्रम होता. ग्रुपमध्ये त्याला कप्तान म्हणत. कप्तान आणि त्याचं आरमार दगडांवर गाड्या चढवत, दगडांवरून उतरवत, आणि संध्याकाळी जिथून निघाले तिथंच परत येत. टायर लावले तेव्हा गाडी बघून तिला नाकापेक्षा मोती जड एवढंच आठवलं होतं. चाकं आत मावेनात म्हणून त्यानं पत्र्याच्या कडा कापून घेतल्या. दाराखालची पायरी दगडाला लागते म्हणून ती काढून टाकली. आणि मग हाताची चार बोटं आडवी धरून तो दिसेल त्याला सांगत सुटला, "चार बोटं उंच झाली गाडी." लिफ्टमध्ये शेजाऱ्यांना सांगितलं. आईलाही सांगितलं, ती पलंगावर पाय वर करून पडलेली असताना, आणि आईनं मान हलवली होती.

मग त्याला कळलं की गाडी ओढत नाही. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त अंतर तोडतं, इंजिनाला तेवढा जोर कुठून आणायचा. चढावर दम लागतो, आणि वेगाचा काटा चाळीस दाखवतो तेव्हा गाडी प्रत्यक्षात पन्नाशीला टेकलेली असते. मग गिअर बदलायचे. पुढच्या दोन चाकांच्या मध्ये एक लोखंडी गोळा असतो आणि मागच्या दोन चाकांच्या मध्ये एक, आणि प्रत्येक गोळ्याच्या पोटात एक मोठं चक्र आणि एक लहान, दातांत दात घालून बसलेली. मोठं एकदा फिरायला लहान किती वेळा फिरतं, तो आकडा वाढवायचा. किती वाढवायचा, यावर घरात दोन महिने दुसरं बोलणं नव्हतं. चार पॉइंट पाच सहा की चार पॉइंट आठ आठ. जेवताना फोन, दात घासताना फोन, आईला गोळ्या देताना एका हातात गोळी आणि दुसऱ्यात फोन. पाच सहा घेतला तर हायवेवर सुख, आठ आठ घेतला तर कड्यावर सुख. एकदा भांडी विसळता विसळता तिनं सांगितलं होतं, "जुन्या आकड्याला नव्या टायरच्या उंचीनं गुण आणि जुन्या टायरच्या उंचीनं भाग. साडेचार येतं. जवळचा मिळणारा आकडा पाच सहा. आणि पुढचे-मागचे एकदम बदल, नाहीतर हात लावू नकोस." तो म्हणाला, "थिअरी ठीक आहे गं, पण प्रत्यक्षात वेगळं असतं." पुढच्या आठवड्यात तो उड्या मारत आला. ग्रुपमधल्या एका दातांच्या डॉक्टरनं त्याला एक सूत्र सांगितलं होतं. गुणायचं आणि भागायचं. पाच सहा येत होता.

पिकतं तिथे विकत नाही, हे काय तिला नवीन होतं? ती ज्या कारखान्यात तपासणी विभागाची प्रमुख होती, तिथं ट्रकच्या डिफरन्शियलच्या गिअरजोड्या बनत. हेच मोठं चक्र आणि हेच लहान. दिवसभर तिच्यासमोर जोड्या येत. दातांना निळा रंग लावून त्या एकमेकींवर फिरवायच्या आणि रंग कुठं पुसला गेला ते बघायचं. दाताच्या मधोमध पुसला गेला तर जोडी शंभर गावं फिरेल. टोकाला पुसला गेला तर आज गप्प बसेल, उद्या रडेल आणि परवा मोडेल. दोन दातांमध्ये किती मोकळीक ठेवायची, तेही तिच्या बोटांत होतं. अगदी नसली तर जोडी तापते, फार झाली तर आदळते. हाताखालची माणसं म्हणत, बाईंना गिअरचा आवाज ऐकू येण्याआधी कळतो. आणि घरी गिअर बदलायचे होते तर नवऱ्यानं सगळ्या जगाला विचारलं. दातांच्या डॉक्टरला विचारलं. तिच्यासमोर तिच्याच टेबलावर बसून विचारलं. याच माणसाला तिनं पहिल्यांदा पाहिलं ते त्याच कारखान्यात, जिथं तो यंत्रांचा विमा उतरवायला आला होता आणि दारातून तिच्याकडे बघत उभा राहिला होता. "हा निळा रंग कशाला?" त्यानं विचारलं होतं. तिनं दाखवलं. तो वाकून बघत राहिला, दाताच्या मधोमध उमटलेला तो पानाएवढाही नसलेला डाग, आणि म्हणाला, "म्हणजे दोघं कुठं भेटतात ते कळतं." ती त्या वाक्यावर भाळली होती. इतकी वर्षं झाली. ते वाक्य आठवलं की अजून आत काहीतरी हलायचं, आणि आज सिग्नलला थांबून ते आठवलं तेव्हा तिला स्टिअरिंगवर मूठ आपटावीशी वाटली, कारण ऐकता येत नसणाऱ्या माणसावर रागवून उपयोग नसतो, पण याला ऐकता येत होतं.

घरी पोचल्यावर नेहमीसारखं झालं. लिफ्टशेजारच्या उंच ओट्याला चिकटवून गाडी लावली, की सासूबाई सीटवरून सरळ ओट्यावर पाय टाकत. जाताना तिथूनच चढत. हॉस्पिटलात उतरताना त्या दाराला धरून खाली येत; अडचण फक्त परत निघताना, मशीननं थकल्यावर. तेवढ्यापुरतं तिनं स्टूल आणलं होतं. वर गेल्यावर तिनं सासूबाईंची बाही वर केली. दंडावर चार बोटांचे वळ उठले होते, निळसर. तिनं मनगटाच्या वर, शिरेवर, दोन बोटं ठेवली. तिथं एक बारीक घरघर लागायला हवी. नर्सनं शिकवलं होतं, रोज बघायचं, घरघर आहे तोवर शीर जिवंत. क्षणभर काही लागलंच नाही. मग लागली, दुरून, एखादी यंत्रशाळा भिंतीपलीकडे चालू असावी तशी. तिनं बोटं तशीच ठेवली. "आहे?" सासूबाईंनी विचारलं. "आहे." "असू दे. आता काय करायचीय." आणि त्या भिंतीकडे तोंड करून झोपल्या.

लग्नानंतर याच बाईनं तिला पोहायला शिकवलं होतं. सून तिशीला आलेली आणि पाण्याला भिणारी, हे त्यांना मुळीच खपलं नव्हतं. सकाळी तलावावर न्यायच्या, पोटाखाली हात धरायच्या आणि म्हणायच्या, मार पाय. कितीतरी दिवस तो हात तिच्या पोटाखाली होता, कडक, सपाट, भरवशाचा. एक दिवस ती अर्ध्या तलावापर्यंत गेली, मान वळवून बघते तर सासूबाई पार काठावर उभ्या, हात मागे बांधून. "हात कधी काढलात?" ती घाबरून ओरडली होती. "मागच्या आठवड्यात," सासूबाई म्हणाल्या होत्या. "तुला कळलं नाही, मी काय करू?" त्या बाईला आज दोन परक्या माणसांनी काखेत धरून गाडीत ठेवलं होतं.

नवरा संध्याकाळी आला, सोफ्यावर बसला, फोन काढला. ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"स्टूल कुठं आहे?"

"कुठलं स्टूल?"

"गाडीतलं. पांढरं."

"ते? ते काल काढलं मी. फोटो काढायचे होते मागच्या सामानाचे." त्यानं वर पाहिलं. "मला वाटलं गाडी धुणाऱ्याचं राहिलंय."

वर्ष होत आलं होतं. आठवड्यातून तीनदा त्याची आई त्या स्टुलावर पाय ठेवून त्याच्या गाडीत चढत होती आणि त्याला ते गाडी धुणाऱ्याचं वाटलं. तिनं सांगितलं, काय झालं ते, रखवालदार, काख, चप्पल, सगळं. आवाज न चढवता सांगितलं, कारण आत सासूबाई जाग्या होत्या. त्याचा चेहरा उतरला. खरंच उतरला, नाटक नव्हतं ते. तो उठला, आईच्या खोलीच्या दारापर्यंत गेला आणि दारातूनच परत आला. हे त्याचं नेहमीचं होतं. पहिल्या दिवशी तो हॉस्पिटलात आला होता. पारदर्शक नळीतून आईचं रक्त बाहेर फिरताना बघून तो भिंतीला धरून खाली बसला आणि नर्सनं त्यालाच पाणी पाजलं. त्यानंतर गुरुवारी काम निघायचं, मंगळवारी मीटिंग, आणि शनिवारी गाडीचं काहीतरी. तो भितो, हे तिला कळत होतं. कड्याला भीत नाही, आईच्या नळीला भितो. कळत होतं म्हणून राग कमी होत नव्हता. सगळं आपणच समजून घ्यायचं, याचाच तर राग होता.

"अगं, टॅक्सी करायची ना मग," तो म्हणाला.

"त्या येणारच नाही म्हणतात. कशानंच."

"रागात बोलली असेल. मी बोलतो उद्या." मग थोडं थांबून, तोडगा सुचल्याच्या उत्साहानं तो म्हणाला, "हे बघ, इलेक्ट्रिक पायरी मिळते आता. दार उघडलं की आपोआप खाली येते, बंद केलं की वर. दगडालाही लागत नाही. मागवून टाकतो."

हातातला पाण्याचा पेला तिनं फार सावकाश टेबलावर ठेवला. टायर लावले म्हणून गिअर, टायर लावले म्हणून पत्रा कापायचा, पायरी काढायची, आणि पायरी काढली म्हणून आता विजेची पायरी. "आणि पुढचे गिअर?" तिनं विचारलं.

तो चमकला. "तुला कुणी सांगितलं?"

"गाडीनं. चढावर चार चाकं जोडली मी."

"अगं वेडी की काय! पुढची जोडी शनिवारी येतेय, दुपारी बसवून घेणार होतो, रविवारी कड्यावर जायचंय. तोवर फक्त तो लिव्हर ओढायचा नाही, एवढंच. मोडलं असतं ना सगळं."

"मला सांगितलं नाहीस."

"तू कधी हात लावतेस त्या लिव्हरला? सांगण्यासारखं काय होतं त्यात?"

त्यावर तिच्या तोंडाशी खूप काही आलं होतं. ती स्वयंपाकघरात गेली आणि धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

शुक्रवारी कारखान्यात तिनं ट्रेमागून ट्रे परत पाठवला. जोड्या खरोखरच वाईट होत्या की तिची नजर, हे तिनं स्वतःला विचारलं नाही. "बाई आज दात पाडायलाच बसल्यात," कुणीतरी मागे कुजबुजलं आणि दोघंतिघं हसले. तिनं ऐकलं आणि आणखी एक ट्रे परत पाठवला. डोक्यात राग एकसारखा फिरत होता, आणि कितीही वेळा निळा रंग लावून पाहिला तरी तो कुठं टेकतो ते नीट दिसत नव्हतं. नवऱ्यावर, होता. रखवालदारावर, थोडा. मागच्या गाडीवाल्यावर, आता नव्हता. पण आणखी कुणावर तरी होता, आणि ते माणूस पाठ करून उभं होतं. घरी आल्यावर नवऱ्यानं सांगितलं की आईशी बोललो, ती ऐकत नाही, तिनं उलट मलाच विचारलं की तू येतोस का बरोबर. "मग?" "मग काय? शनिवारी गिअरवाला…" ती आत गेली. तिनं सासूबाईंच्या पायावर अंगठा दाबला. घोट्यापाशी खड्डा पडला आणि तसाच राहिला. सासूबाईंनीही तो पाहिला. पाणी मोजून पिण्याचं पथ्य त्यांनी कालपासूनच सोडलं होतं. उशीला टेकून बसल्या होत्या. आडवं पडलं की श्वास पुरत नाही, असं त्यांनी सांगितलं नाही, पण उशा दोनच्या तीन झालेल्या होत्या.

शनिवारी उजाडताच ती खाली पार्किंगमध्ये गेली. जुनी चाकं खांबामागे ताडपत्रीखाली रचलेली होती. काढलेली पायरी कोठीच्या माळ्यावर सापडली, वर्तमानपत्रात नीट गुंडाळून, दोरीनं बांधून ठेवलेली, बोल्ट वेगळ्या पिशवीत. किती काळजीनं ठेवली होती त्यानं. तिचा राग जरासा हलला आणि पुन्हा जागच्या जागी बसला. नळापाशी गाडी धुणारा त्या पांढऱ्या स्टुलावर उभा राहून एका गाडीचा टप पुसत होता. तिला बघून तो संकोचानं खाली उतरला. "साहेबांनी दिलं, बाई. तुमचं होतं का? घेऊन जा." "राहू द्या," ती म्हणाली. "तुम्हालाच कामाला येईल." तिनं जॅक लावायला घेतला तेव्हा तो जवळ आला. "पंक्चर?" "हो. चारही." त्यानं एकदा टायरांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि पुढं काही न विचारता चाकांमागे विटा लावल्या.

नट घट्ट होते. पान्यावर उभं राहून, सगळं वजन टाकून तिनं ते सोडवले, आणि प्रत्येक नट कर्रकन सुटताना तिला बरं वाटत होतं, उगाच खोटं कशाला सांगा. मोठं चाक निघालं की ते ढकलत खांबापर्यंत न्यायचं, जुनं ढकलत आणायचं. पायरी तिनं आधीच बसवली होती; ती एकटी लावूनही कदाचित भागलं असतं. पायरीवरून ती चार बोटं सासूबाईंनी कशीतरी ओलांडली असती. पण तिला भागवायचं नव्हतं. शेवटच्या चाकाचे नट आवळत असताना नवरा खाली आला, घरातल्याच कपड्यांवर, हातात गाडीची दुसरी किल्ली. आपले टायर खांबाला टेकलेले त्यानं पाहिले.

"हे काय केलंस?"

"दिसतंय ना."

"उद्या मला जायचंय. सगळे माझ्यावर अवलंबून आहेत. माझ्या गाडीला न विचारता हात लावायचा नाही, कळलं?"

गाडी धुणारा नळाकडे सरकला. ती उठून उभी राहिली. हात काळे झाले होते, कोपरापर्यंत. "पुढची जोडी आली की परत पाठव," ती म्हणाली, आणि आपला आवाज तिला कारखान्यातला वाटला. "आणि मागे जुनी बसवून घे. उद्या तुला ही चाकं पुन्हा बदलायची असतील तर बदल. जॅक मागं आहे, पट्ट्याशेजारी. सोमवारी मी परत ही लावीन. तू पुन्हा बदल, मी पुन्हा लावीन. बघू आधी कुणाचे हात दुखतात." त्यानं तोंड उघडलं, आणि ती थांबली, खरोखर थांबली, तो काय म्हणतो ते ऐकायला. खाली वाकून त्यानं पायरीचा एक बोल्ट हलवून पाहिला, घट्ट आहे का ते.

वर जाऊन ती सासूबाईंना म्हणाली, "आई, खाली चला. एकदा बघा आणि मग नाही म्हणा." त्यांनी तिच्या काळ्या हातांकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग पिशवी मागितली.

गाडी या वेळी ओट्याला लावलेली नव्हती. मोकळ्या जागेत, मधोमध उभी होती. सासूबाई दारापाशी थांबल्या, धापत. मुलगा पुढे झाला, हात पसरून. "बाजूला हो," त्या म्हणाल्या. तो झाला. तिनं मागून त्यांच्या पाठीला हात लावला, नकळत, सवयीनं. "तूही हात काढ." तिनं काढला. सासूबाईंनी उजव्या हातानं दाराची कड धरली, एक पाय पायरीवर ठेवला, तिथं एक श्वास घेतला, दुसरा घेतला, आणि चढल्या. बसल्या. कपडे सारखे केले. मुलगा बाजूला उभा होता. त्यानं हळूच दार लावलं, आणि मग हात दारावरच ठेवून तो उभा राहिला, जणू दार आपोआप उघडेल. त्याला आत बसायला कुणी सांगितलं नाही. नकोही म्हटलं नाही. गाडी निघाली तेव्हा तो तिथंच होता.

पार्किंगचा चढ गाडीनं एका दमात घेतला. लहान चाकं आणि जोरदार गिअर, चढावर तिनं जवळजवळ उडीच मारली. रस्त्यावर आल्यावर इंजिन उगाचच ओरडत होतं आणि काटा पन्नास दाखवत होता, गाडी मात्र चाळिशीत रेंगाळत होती. गिअर बदलेपर्यंत एका बाजूनं खोटं बोलणारा काटा आता दुसऱ्या बाजूनं बोलत होता. तिला हसू आलं. राग निघून गेला असं नाही, पण त्याला आता बसायला जागा मिळाली होती. सासूबाई खिडकीतून बाहेर बघत होत्या. त्यांचा चेहरा सुजलेला होता आणि श्वासात एक बारीक शिट्टी होती.

"किती वेळ लागला गं तुला सगळं बदलायला?" त्यांनी विचारलं.

"फार नाही. तास-दीड तास."

सासूबाईंनी मान हलवली. सिग्नल आला, गाडी थांबली. त्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं, तलावाच्या काठावरून बघायच्या तसंच, आणि अगदी साध्या आवाजात, खरंच कळत नाही म्हणून विचारावं तसं विचारलं, "मग वर्षभर ते स्टूल कशाला आणलं होतंस?"

सिग्नल सुटला. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. तिच्या हातांना अजून ग्रीसचा वास होता आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये उभी होती.